एका कागदाइतकं खाली

धाकट्याने पोलादी पट्टी करवतीच्या टेबलावर ठेवली, तिचं दुसरं टोक कापलेली फळी झेलणाऱ्या पलीकडच्या जोडटेबलावर सरकवलं आणि गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून तो सांध्याकडे बघू लागला. सकाळपासूनची ही नववी खेप.

"काय रे, मोतीबिंदू झालाय का त्या टेबलाला?" दादा स्टुलावरून म्हणाला.

धाकटा हसला नाही. त्याने वर्तमानपत्राची एक चिंधी फाडून जोडटेबलाच्या बाजूने पट्टीखाली सारली. एक कागद आत गेला. दोन कागद गेले नाहीत. जोडटेबल करवतीपेक्षा एका कागदाइतकं खाली असलेलं चालतं. वर मात्र केसभरही चालत नाही. वर असलं की कापून निघालेली फळी त्याच्या कडेला अडते, फिरतं पातं तिला पकडतं आणि आली त्या वाटेने उलटी भिरकावतं.

तशी ती सहा आठवड्यांपूर्वी भिरकावली होती. धाकटा नियमाप्रमाणे बाजूला उभा होता. दादा नेमका मागून चालला होता. दोन बरगड्या गेल्या. तेव्हापासून मशीन बंदच होतं.

आज दादा पहिल्यांदा कारखान्यात आला होता. वहिनी सोडायला आली होती. डबा फळीवर ठेवून, धाकट्याकडे न बघता ती म्हणाली होती, "यांना त्या मशीनजवळ उभं करू नका." बस्स, एवढंच. सहा आठवड्यांत तिने त्याला 'भाऊजी' म्हणून एकदाही हाक मारली नव्हती.

धाकट्याने पाना घेतला, जोडटेबलाच्या पायाचा नट सैल केला आणि होता तिथेच पुन्हा आवळला.

"आता काय केलंस?"

"बघितलं."

"बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं."

"मग सोडलंस कशाला?"

धाकटा उठला, दारापर्यंत जाऊन परत आला. भिंतीशी आठ फुटी सोळा फळ्या उभ्या होत्या. कपाटवाल्या गिऱ्हाइकाचा सकाळी दोनदा फोन येऊन गेला होता. संध्याकाळपर्यंत कापून झालं नाही, तर तो लाकूड उचलून दुसरीकडे नेणार होता. धाकट्याने एक फळी उचलून टेबलावर ठेवली. बोट हिरव्या बटणापर्यंत नेलं. मग फळी उतरवून त्याने पुन्हा पट्टी घेतली.

"अरे, पुरे की!"

"त्या दिवशीही मी सकाळी बघितलं होतं," धाकटा म्हणाला. "एक कागद जात होता. मला चांगलं आठवतंय. मग दुपारी वर कसं आलं? म्हणजे मी नीट बघितलंच नव्हतं. मला वाटतं बघितलं, पण बघितलेलं नसतं. आजही तसंच असेल तर?"

दादाने स्टूल पुढे ओढलं, मग परत मागे घेतलं. एक हात बरगड्यांवर ठेवून तो जमिनीवरच्या भुशाकडे बघत राहिला.

"तू बघितलं होतंस," तो म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"ट्यूब गेली होती. तू जेवायला गेला होतास. मी जोडटेबलावर चढलो बदलायला. उतरताना त्याचा पाय सरकला. मी बुटानेच ठोकून परत जागेवर बसवला. वरवर नीट दिसत होतं." मग तो म्हणाला, "पट्टी नाही लावली."

धाकटा पट्टी हातात धरून उभा होता. मग त्याने ती टेबलावर ठेवली.

"सहा आठवडे," तो म्हणाला.

"सांगणारच होतो रे. पहिल्या दिवशी बोलताच येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू उशाशी बसून रडत होतास, तेव्हा कसं सांगू? मग तू रोजच यायला लागलास. पाणी पाजायचास, दाढी करून द्यायचास. आपण दोघं एवढं कधी बसलो होतो? म्हटलं, उद्या सांगू."

"वहिनीला माहीत आहे?"

दादा बुटाने भुसा एका बाजूला सारू लागला.

"दादा, वहिनीला माहीत आहे का?"

"तिला कसं सांगणार आता? तुला तर माहीत आहे ती कशी आहे. मला जन्मभर ऐकवेल."

धाकट्याने पाना खिळ्याला अडकवला. कागदाच्या चिंध्या गोळा करून खिशात घातल्या. मग भिंतीशी उभी असलेली एक फळी उचलून टेबलावर ठेवली आणि ती पात्याशेजारच्या आधारपट्टीला घट्ट टेकवली.

दादा लगबगीने उठला आणि जोडटेबलाच्या पलीकडे जाऊन, निघालेली फळी धरायच्या आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला. "आण," तो म्हणाला, "सावकाश आण. आणि हे बघ, तिला मीच सांगेन, फक्त जरा वेळ बघून. रविवारी वगैरे. तू मध्ये काही—"

धाकट्याने हिरवं बटण दाबलं.

पातं ओरडू लागलं. फळी पुढे सरकली, सांध्याजवळ आली आणि न अडखळता पलीकडे गेली. दादाने दोन्ही तुकडे हातांत घेतले. त्याचे ओठ अजून हलत होते. तो भुवया वर करून, मान वाकडी करून काहीतरी विचारत होता, बहुधा तेच.

एकही शब्द ऐकू येत नव्हता. धाकट्याने दुसरी फळी उचलली. मशीन बंद करायची त्याला काही घाई नव्हती.