एक्स-रेचं कारण

"एक्स-रे आजच काढायचा," खुर्चीत टेकण्याआधीच सासूनं फर्मावलं.

डॉक्टरबाईंनी सुनेची फाइल उघडली. दातांना तारा बसवून चार महिने झाले होते. सुरुवातीला पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला होता. त्यात काही वावगं नव्हतं.

"मागच्याच आठवड्यात तार आवळली. सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. आता एक्स-रे कशाला?"

"मग मशीन काय शोभेला ठेवलंय?"

"मशीन आहे म्हणून काढायचा नसतो, काकू. किरणं थोडीच असतात, पण विनाकारण थोडीही द्यायची नाहीत. एक्स-रे पाहून उपचारात काही ठरणार असेल, तरच काढायचा."

"राहू दे ना, आई," सून पुटपुटली.

"तू गप्प बस. तुला विचारलंय का कुणी?"

तेवढ्यात सासूच्या पर्समध्ये फोन वाजला. सुनेनं हात पुढे केला, "माझा आहे." सासूनं नाव पाहिलं, फोन बंद केला आणि पर्सची चेन ओढली.

सुनेचा फोनही हिच्याच ताब्यात! डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठी पडली.

"तोंड उघडा बघू." त्यांनी सुनेला मुद्दाम मऊ आवाजात सांगितलं.

सुनेनं जेमतेम बोटभर उघडलं. उजवा गाल जरासा सुजला होता.

"तारेचं टोक टोचतंय का आत?"

"हो, हो. तेच." सून घाईनं म्हणाली.

"तारेच्या टोकाला मेण लावून देते. दोन दिवसांत बरं वाटेल."

"मेण!" सासू ताडकन उठली. "मेण लावून बोळवण करताय? कसल्या डॉक्टर तुम्ही? तक्रार करीन मी तुमची!"

बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावू लागले.

"खुशाल करा," डॉक्टरबाईंचाही आता तोल गेला. "कुठंही जा, पहिला प्रश्न हाच विचारतील, एक्स-रे कशाला? कारण सांगा, या मिनिटाला काढते. नाहीतर या पोरीचा छळ थांबवा. निदान माझ्यासमोर तरी."

सासूनं सुनेकडे पाहिलं.

"जा, बाहेरच्या बेसिनवर चूळ भरून ये," ती सुनेला म्हणाली.

सून गेली. सासूनं दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"आता काय, धमकी देणार मला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ती जीव गेला तरी बोलायची नाही. पडले म्हणेल, टोचलं म्हणेल. पोलिसांनाही तेच सांगेल. हाड मोडलं असलं तर ते तरी खरं बोलेल." सासूनं टेबलावरचं पेन उचलून डॉक्टरबाईंच्या हातात दिलं. "कारण हवंय ना? लिहा. काल माझ्या मुलानं तिच्या जबड्यावर बुक्की मारली."