देवाच्या वाट्याची मूठ

विजयमालाने पिशवीत दोन सदरे, दोन लुंग्या आणि गोळ्यांची डबी भरली. स्वेटर हातात घेऊन ती थांबली. द्यावा तरी तिकडं तो अंगात घालणार कोण? तिने तो परत खुंटीला अडकवला.

तिचा नवरा शांतवन कॉटवर पडून होता. नजर छताकडं. इंदापूरच्या पुढच्या आश्रमाची गाडी त्याला न्यायला दहाला येणार होती.

आठ महिन्यांपूर्वी अंगणात दात घासता घासता तो कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "यांना आता काही समजत नाही, बाई," मोठे डॉक्टर म्हणाले होते. "भिंतीशी बोलल्यासारखंच आहे." ती एमआयडीसीत दुधाच्या पिशव्या भरायच्या कामावर जायची. तोवर तो एकटा. दुपारी शेजारची साखरबाई येऊन त्याला पेज पाजायची. पण तिलाही तिचा मळा होता, तिची माणसं होती. असं किती दिवस?

गाडी येण्याआधी विजयमालाला एक काम उरकायचं होतं. ज्वारीच्या पोत्याजवळचा पत्र्याचा डबा रिकामा करून साखरबाईला द्यायचा होता, मेथीचं बी ठेवायला.

तो देवाचा डबा. शांतवनच्या घरातली ती रीत होती. सकाळी चूल पेटवण्याआधी पोत्यातली एक मूठ ज्वारी प्रभूसाठी काढायची. तो मूठ भरायचा, कपाळाला लावायचा, डोळे मिटायचा. तिने आमेन म्हटलं की मगच मूठ डब्यात सोडायचा. रविवारी डबा चर्चच्या मंडळीत जायचा, तिथून कुणा अडलेल्याच्या घरी. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती एकदा मुद्दाम गप्प राहिली. तो तसाच बसला, मूठ कपाळाला लावून.

"हात दुखंल की," ती हसत म्हणाली होती.

"दुखू दे. आमेनशिवाय सोडायची न्हाय."

तो पडल्यावर पाच महिने तिने एकटीने मूठ काढली. आमेनही स्वतःच म्हटलं. रोज प्रभूकडं एकच मागणं मागितलं, तू या घरात हायस एवढं तरी कळू दे. काही कळलं नाही. तेव्हा एका सकाळी तिने रिकाम्या डब्यावर फडकं टाकलं आणि तो कॉटच्या उशाशी, पोत्याला लावून ठेवला. त्याला आता तीन महिने झाले. तिने डब्याला हात लावला नव्हता. या घरात तिचं ऐकणारं कुणी उरलं नव्हतं, वर नाही आणि कॉटवरही नाही.

त्याच सुमारास उंदीर झाले. रोज संध्याकाळी कॉटखाली ज्वारी सांडलेली. डब्यावरचं फडकं जरासं सरकलेलं. पोतं तर बघता बघता खाली गेलं. तिने पिंजरा लावला. आतला भाकरीचा तुकडा वाळून कडक झाला, पण उंदीर काही सापडला नाही. ती झाडून घ्यायची, शांतवनचं अंग पुसायची, त्याच्या डाव्या हाताच्या नखांत अडकलेला भुसा काढायची आणि न बोलता निजायची.

तिने डबा उचलायला हात घातला. उचलला जाईना.

फडकं काढलं. डबा काठोकाठ भरला होता.

साखरबाई डोक्यावर मेथीची पाटी घेऊन दारात उभी होती. शांतवनला शेवटचं बघायला आली होती.

"तुमी टाकत व्हता का ह्यात?" विजयमालाने विचारलं.

"मी कशाला? तुमच्या देवाच्या डब्याला इचारल्याबिगर शिवंन व्हय?"

"मग ही उंदरं..."

"उंदीर नेत्यात, विजयाबाई. भरून ठेवणारा उंदीर मी अजून बघितला न्हाय."

विजयमालाने शांतवनकडं पाहिलं. त्याची नजर छतावरून उतरली होती. डब्यावर आली होती. त्याचा डावा हात हळूहळू उशाकडं सरकला, पोत्याच्या तोंडाशी चाचपडला, आत गेला. बाहेर आला तेव्हा मूठ मिटलेली होती. बोटांमधून दाणे गळत होते, कॉटखाली.

मूठ कशीबशी कपाळाशी पोचली. त्याने डोळे मिटले. आणि तो थांबला.

बाहेर हॉर्न वाजला.

"आली वाटतं गाडी," साखरबाई हळूच म्हणाली. "काय सांगू त्यास्नी?"

शांतवनचा हात खाली झुकू लागला होता. तरी मूठ सुटत नव्हती. तीन महिने रोज तो असाच थांबला असणार, हात गळून पडेपर्यंत. काही दाणे डब्यात, काही कॉटखाली. आणि संध्याकाळी तिने ते झाडून बाहेर टाकले होते.

हॉर्न पुन्हा वाजला.

ती कॉटजवळ खाली बसली. डबा ओढून त्याच्या हाताखाली धरला.

"आमेन," ती म्हणाली.

मूठ उघडली.