खिडकीकडचं पुस्तक

केंद्रप्रमुखांची गाडी फाटकाशी थांबली, तेव्हा दिपालीबाईंचा हात घाईघाईनं दोरीवरून चाचपत चालला होता.

भिंतीला आडवी दोरी, दोरीवर चिमट्यांनी टांगलेली चित्रांची पुस्तकं. शनिवारी पोरं आवडीचं पुस्तक घरी नेत, सोमवारी आणून टांगत. बकरीचं पुस्तक नेहमी खिडकीकडचं, शेवटचं. बाईंनी शेवटचं पुस्तक काढून छातीशी धरलं. कुहीच्या पलीकडच्या या लहानशा शाळेत बकरीची गोष्ट पोरांना पाठ होती आणि बाईंनाही.

आता पाठ असणं भागच होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं, नजर हळूहळू विझत जाईल. ती सांगितल्यापेक्षा लवकर विझली. चित्राच्या जागी नुसतं धुकं उरलं. शाळेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कळलं तर वर्ग जाणार, कुठल्याशा कार्यालयात खुर्ची मिळणार. खुर्चीभोवती पोरं नसतात. आणि घरी तर बाईंची वाट पाहणारं कोणी नव्हतंच.

म्हणून त्यांनी शिकवायची रीत बदलली. पान उघडायचं, पोरांपुढे धरायचं, विचारायचं, "काय दिसून राहिलं?" मग पोरं भांडत. एक म्हणे बकरी, दुसरा म्हणे बोकड. त्या भांडणातून बाईंना पान दिसे. अलीकडे वर्गाला शिस्तही लागली होती. दप्तरं, चपला वाटेत पडत नव्हत्या.

केंद्रप्रमुख मधुकरराव वर्ग तपासायला आले, नमस्कार झाला, मागे खुर्चीवर बसले. बाईंनी पहिलं पान उघडलं.

वर्ग गप्प. इतका गप्प, की लांब धानाच्या बांधीतली पाण्याची मोटर ऐकू आली.

"काय दिसून राहिलं?"

"बकरी, बाई," काजल म्हणाली. वर्गातली सगळ्यात बडबडी पोर, पण आज एकेक शब्द जपून ठेवत होती. "तिचं करडू हरवलं. शोधाले निघाली."

पुढच्या पानावर दुर्गेशनं विहीर सांगितली. सगळ्यांनी सूर धरला.

"विहिरी वं बाई, सांग ना काही,
माझं करडू तू पाहिलं का नाही?"

विहीर नाही म्हणाली. बाभूळ नाही म्हणाली. पान उलटलं की कोणीतरी सांगे, बाकीचे गात. आज कोणीच भांडलं नाही. पाहुण्यांपुढे पोरं बुजली असतील, बाईंना वाटलं.

मधुकररावांची खुर्ची करकरली. ते उठून अगदी जवळ येऊन उभे राहिले. बाईंनी पुस्तक आणखी घट्ट धरलं.

"आता बकरी कुठं पोचली वं, पोरी?" त्यांनी काजलला विचारलं.

"नदीवर, सर." काजलचा आवाज जरासा कापला.

खुर्ची पुन्हा करकरली, ते परत जाऊन बसले.

पानं संपली, पण गोष्ट थोडी उरली. दोन पानं एकदम उलटली असतील. नदीपल्याड करडू सापडलं, ते काजलनं मिटलेल्या पुस्तकावरच सांगितलं. मधुकररावांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. सर्दी असावी.

"असा वर्ग मी पाहिला नाही, बाई," एवढंच म्हणून ते गेले. गाडीचा आवाज विरला, तशा बाई भिंतीला टेकल्या. वर्ग वाचला होता.

खिचडीच्या सुट्टीत रितिका आली. आईसोबत दवाखान्यात गेली होती, म्हणून सकाळ बुडाली. तिनं बाईंच्या हातात काहीतरी ठेवलं.

"बकरीचं पुस्तक, बाई. शनिवारी नेलं होतं, आजीले ऐकवाले."

बाईंचा हात तसाच राहिला. शेजारी काजलचा श्वास ऐकू येत होता.

"काजल," त्या हळू म्हणाल्या, "मग सकाळी माझ्या हातात काय होतं वं?"

काजलनं बाईंचं बोट धरलं.

"रेल्वेचं पुस्तक, बाई. पण कोणीच हसलं नाही."