जागच्या जागी

“तो चष्मा मिळायचा नाही,” ऑब्री थॅकवेल म्हणाले आणि पलंगाशेजारच्या टेबलापुढे हात पसरून उभे राहिले.

सत्तरी उलटलेला माणूस स्वतःच्याच घरात असा पहारा देतो तेव्हा बघणाऱ्याला कसंसंच होतं. पण वाड्याएवढ्या त्या घराचं छप्पर गळत होतं, आणि शूटिंगला घर दिल्याशिवाय ते दुरुस्त होणार नव्हतं. सेसिलीची, त्यांच्या बायकोची खोली तिच्या माघारी होती तशीच राहावी, एवढीच त्यांची अट होती. मालिकावाल्यांना नेमकी तीच खोली हवी होती. तीन वर्षांपूर्वी पहिल्या भागालाही तीच हवी होती. तेव्हा सेसिलीला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

सामान मांडणारी मॉरीन पुढे झाली. “साहेब, कुणी हात लावत नाहीये. मागच्या वेळी मी फोटो काढून एकेक वस्तू जागच्या जागी ठेवली होती की नाही?”

“ठेवली होतीस.” म्हातारा जरा नरमला. “म्हणून तर तुला आत घेतलं. त्यानंतर मीसुद्धा त्याला बोट लावलेलं नाही.”

भांडण लावलं होतं नायिकेने, फिलिपाने. टेबलावरच्या सेसिलीच्या चष्म्याचा घाट मागच्या वेळी दिग्दर्शकाला इतका आवडला होता, की त्याने फिलिपासाठी हुबेहूब तसाच बनवून घेतला होता. आजच्या प्रसंगात नायक तो टाचेखाली चिरडणार होता. तो सामानाच्या पेटीतून निघाला, आणि तो घालून बाईसाहेब दोनदा दाराच्या चौकटीवर आपटल्या.

“गरगरतंय मला यातून. मागच्या वेळी असं नव्हतं.”

“मागच्या वेळी तू तीन वर्षांनी लहान होतीस, बाई,” मेकअपवाला डेंझिल म्हणाला. “डोळेही म्हातारे होतात. मी काय काय लिंपू?”

सगळे खो खो हसले. फिलिपा चिडली. “मग मला तो टेबलावरचा द्या. जवळून दाखवायला तो, आणि चिरडायला हा.”

“आणि तुमच्या गोंधळात माझाच बुटाखाली गेला म्हणजे?” ऑब्री ओरडले. “तुमचा काय तो फोडा!”

मॉरीनने फिलिपाचा चष्मा हातात घेतला. पेटीतल्या प्रत्येक वस्तूला क्रमांकाची लाल पट्टी चिकटवलेली असते. याची गळून पडली होती. गोंद वाळतो, त्यात नवल काय? तिने नवी पट्टी चिकटवली आणि फिलिपाची समजूत घातली, “एवढा एकच प्रसंग. मग सुटलीस.”

दिवे लागेपर्यंत चहा फिरला. म्हाताऱ्याने टेबलाजवळची जागा काही सोडली नाही. मॉरीनने कप तिथेच नेऊन दिला.

“चष्मा नसला की तिला मी आणि टोपी अडकवायची खुंटी सारखेच,” ते हळूच म्हणाले. “एकदा गंमत म्हणून मी तो घालून आरशात पाहिलं. मला माझं नाक सापडेना. हसून हसून लोळली गं ती.”

अशा माणसाच्या घरात आपण बूट घालून फिरतो, याची मॉरीनला लाज वाटली.

शॉट पहिल्याच झटक्यात झाला. नायकाने फिलिपाच्या डोळ्यांवरून चष्मा ओढला, जमिनीवर टाकला आणि टाचेने रगडला. काच करकरली. ऑब्रींनी डोळे गच्च मिटले. उघडले, टेबलाकडे पाहिलं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत तेही सामील झाले.

मंडळी पांगली. मॉरीनने काचा झाडून घेतल्या. बऱ्याच जाड होत्या. काळ्या पिशवीत भरून तिने त्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. गाडी फाटकाबाहेर गेली. मग तिने फोटो बघून पलंग सरकवला, उशी लावली, पडद्याच्या चुण्या जुळवल्या.

“मॉरीन,” ऑब्री पलंगाच्या कडेवर बसले होते. “इतकी वर्षं धीर झाला नाही. आज वाचला ना, तर वाटतंय एकदा घालून बघावा. तू दे.”

“देते ना, साहेब.”

तिने चष्मा अलगद उचलला आणि त्यांच्यासाठी दांड्या उघडल्या. उजव्या दांडीच्या आतल्या बाजूला क्रमांकाची लाल पट्टी होती, तीन वर्षांपूर्वीची, फिकी पडलेली, तिच्याच अक्षरातली.