सगळ्यांच्या म्होरं

"म्याडम, साठच्या साठ कशाला बघता? पंधराच बघा. मी काव लावून ठेवलीय," लखमा म्हणाला.

टेकडीच्या माथ्यावर मेंढ्या पांगल्या होत्या. त्यातल्या काहींच्या पाठीवर खरंच तांबड्या कावेचा एकेक पट्टा होता. जनावरांच्या डॉक्टर शीतल गाडी पायथ्याला लावून नुकत्याच वर आल्या होत्या आणि त्यांचा श्वास अजून जागेवर यायचा होता.

पोळ्यापासून लखमाच्या चार मेंढ्या गेल्या होत्या. पोटातल्या जंतांनी रक्त पिऊन पिऊन. पाचवी जायच्या आत आजारी मेंढ्या हुडकायच्या होत्या. औषध सरसकट पाजायचं नसतं, जंत त्याला सरावतात. जिच्या अंगात रक्त उरलं नाही तिलाच द्यायचं, आणि ते ओळखायचं डोळ्याची खालची पापणी ओढून. आतून लाल असली तर ठीक, पांढरी पडली तर मेंढी जायला टेकलेली. ताडून बघायला शीतलच्या हातात रंगांचं कार्डही होतं. पण साठ मेंढ्या धरून पापण्या ओढायच्या म्हणजे काही खायचं काम नाही.

"काव कशावरून लावलीत, मामा?"

"चढावरून. रोज सकाळी टेकडी चढवतो. म्होरं आमची मनकर्णा, मागं मी. जी मेंढी मागं राहून माझ्या पायात येती, तिला काव. रगतच न्हाई तर चढंल कशी?"

मनकर्णा, त्याची बायको, पलीकडं दगडावर टेकली होती. परवा जन्मलेलं कोकरू तिच्या मांडीवर होतं. ती नुसतीच हसली.

म्हातारा फेकतोय, असं शीतलला वाटलं. त्यांनी कावेची पहिली मेंढी धरली. पापणी पांढरी. दुसरी, फिकट. तिसरी, पांढरी. पंधराच्या पंधरा तशाच निघाल्या. खात्री करावी म्हणून बिनकावेच्या दहा धरल्या, तर एकजात लाल. शीतलनं कार्ड खिशात घातलं. पाच वर्षं कॉलेजात डोकं खपवून त्या जे शिकल्या होत्या, ते शाळेचं तोंड न पाहिलेल्या या माणसानं एका चढावरून ओळखलं होतं! त्यांना मनापासून कौतुक वाटलं.

"मामा, पाया पडू का तुमच्या?"

"पडा की. पण आदी औषध पाजा."

औषध पाजून झालं. निघता निघता गळ्यात घंटी बांधलेली एक मेंढी शीतलच्या हाताशी आली. त्यांनी सहज तिची मान धरली.

"तिला काहून बघता?" लखमा म्हणाला. "ती घंटीवाली. मनकर्णाच्या पाठोपाठ तीच, तिच्या मागं समदा कळप. सात वरसं झाली, एक दिवस मागं राहिली न्हाई."

शीतलनं पापणी ओढली. मग दुसऱ्या डोळ्याची ओढली. कार्ड पुन्हा बाहेर काढलं. कावेच्या पंधरा मेंढ्यांत इतकी पांढरी एकही नव्हती.

"मामा, हिच्यात तर काहीच उरलं नाही. ही आज चढली कशी?"

लखमा खाली बसला. त्यानं मेंढीच्या कपाळावरून हात फिरवला. असं जनावर अन् असं काळीज! सगळ्यांच्या पुढं चालायचं म्हणून ती रोज चालत राहिली होती.

"ती मागं राहीलच कशी, म्याडम?" तो म्हणाला. "कळपच तिच्या चालीनं चालतो. ती हळू झाली, समद्या हळू झाल्या. आन् मी म्हणत राहिलो, औंदा चढच वाढला."

घंटीवालीलाही औषध पाजलं. ऊन चढत होतं. मेंढ्या पाण्यावर न्यायला मनकर्णा उठली. तिनं कोकरू खांद्यावर घेतलं, गुडघ्यावर हात टेकून क्षणभर थांबली आणि कळपाच्या पुढं झाली. घंटी वाजली. लखमा बघत राहिला.

"मनकर्णे, थांब."

"आता काय?"

"हिकडं ये. डोळे दाव."

"काहून? मी काय मेंढी हाय?" तिला हसू आलं.

लखमा हसला नाही. कावेनं रंगलेल्या अंगठ्यानं त्यानं तिची पापणी खाली ओढली आणि शीतलकडं पाहिलं. शीतलनं कार्ड काढलंच नाही.

"मामी, खाली उतरलो की माझ्या गाडीवर बसा," त्या म्हणाल्या. "माणसांच्या दवाखान्यात जाऊ. आजच."

"आन् कळप?"

"कळपाचं मी बघतो," लखमा म्हणाला. त्यानं तिच्या खांद्यावरचं कोकरू आपल्या खांद्यावर घेतलं. "आज म्होरं मी. तू मागून ये."

तो पुढं झाला. त्याच्यामागं घंटीवाली, तिच्यामागं मेंढ्या. मनकर्णा आयुष्यात पहिल्यांदा कळपाच्या मागून चालू लागली, शीतलचा हात धरून. वाट उताराची होती, तरी पहिल्याच वळणाला ती मागं राहिली.

लखमानं वळून पाहिलं आणि तो थांबला. साठच्या साठ मेंढ्या थांबल्या.