आत दुमडलेलं कापड

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिची डावी मांडी इतकी वाळली होती, की ट्रॅकपँट पिशवीसारखी लोंबायची. रिले शर्यतीच्या संघात तिची जागा दुसरीनं घेतली होती. “व्यायामाला नाही जात. काय उपयोग?” ती म्हणाली. “नको जाऊस. पारोसा गाऊन तरी बदल, पँट धुतलीय,” शिलाई मशीनवरून आई म्हणाली. तिनं चढवली. डाव्या मांडीवर कापड घट्ट बसलं. “आई, मांडी भरतेय गं.” “मग? एवढं दूध काय मांजर प्यायलं?” बूट घालताना तिला शिवणीवरचा कोरा दोरा दिसला. मांडी होती तशीच होती. आईनं टीप मारून पँट तिथे आवळली होती. तिनं शिवण चाचपली. आत दुमडलेलं कापड आईनं कापलं नव्हतं. कुबडी उचलून व्यायामाला निघताना ती म्हणाली, “घट्ट होतेय. उसवावी लागेल.” “उसवू की,” आई मान वर न करता म्हणाली.