बटण तीनवर राहिलं

“आपटलीस ना माझी लेन्स?”

खांब एवढ्या मोठ्याने ओरडला की अंतिम रेषेजवळ बसलेल्या सगळ्या फोटोग्राफरांनी माना वळवल्या. खांब हे काही त्याचं खरं नाव नव्हे. उभी हयात मैदानांवर गेली, हातभर लांब लेन्स नुसत्या हातावर तोलून कधी एक फोटो हलला नाही, म्हणून धंद्यातल्या लोकांनी ठेवलेलं नाव. त्याला त्याचा भारी अभिमान. ‘ज्या दिवशी हात थरथरेल, त्या दिवशी कॅमेरा खाली ठेवीन,’ हे तो येताजाता ऐकवायचा. कुणी विचारलेलं नसलं तरी.

“आत सगळं चित्र नाचतंय! पोहण्याच्या शर्यतींना म्हणून काल एक दिवस दिली, तर वाट लावलीस?”

त्याची लेक शेजारीच गुडघ्यावर बसली होती. तिची नजर लेन्सच्या कडेवर गेली. बटण तीनवर होतं.

ते एकवर असलं की लेन्स हाताची थरथर आतल्या आत जिरवते. डोळा लावून कितीही वेळ बघा, चित्र जागच्या जागी. दोन असतं ते धावणाऱ्याच्या मागोमाग कॅमेरा फिरवताना. तीनवर मात्र ती फोटो निघण्याच्या क्षणापुरतीच हात सावरते. फोटो चांगलाच येतो, पण तोवर बघणाऱ्याला आपला हात जसा आहे तसा दिसत राहतो.

जुन्या लेन्सवर फोटो हलायला लागले, तेव्हा खांबाने खुशाल लेन्सच्या वयावर खापर फोडलं होतं. लेकीने वाद घातला नाही. ही नवी आणून दिली, बटण एकवर सरकवलं आणि म्हणाली, “याला हात लावू नका बाबा, हे असंच असतं.” असल्या बटणांचं खांबाला वावडंच, त्याने पुढे विचारलंही नाही. घरी तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. थंडी आहे म्हणायचा.

आणि काल स्वतःच्या फोटोंसाठी तीनवर नेलेलं बटण लेन्स परत करताना मागे सरकवायचं ती विसरली. तिला स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

“काय काका, खांब हलला की काय?” मागून कुणीतरी दात काढले.

“खांब नाही हलला! हिने लेन्स आपटली. बोल ना, आता गप्प का?”

खरं सांगितलं असतं तर एका वाक्यात सुटली असती.

“हो बाबा,” ती म्हणाली. “काल हातातून सुटली.”

“वस्तू जपायची अक्कल नाही आणि निघाली फोटोग्राफर व्हायला!”

“द्या इकडे, बघते.” तिने पाठ वळवली, बटण एकवर आणलं, उगाच दोन टिचक्या मारल्या आणि कॅमेरा परत दिला.

खांबाने डोळा लावला. “हां. आता कसं!”

शर्यत सुटली. पहिली आलेली मुलगी छातीने फीत तोडताना त्याने अशी टिपली की मघाशी दात काढणारासुद्धा वाकून बघून गेला.

मैदान रिकामं झालं. लेक बॅगा भरत होती. खांब कॅमेरा मांडीवर घेऊन बसून होता.

“टिचकीने बरी झाली होय गं?” तो म्हणाला. “की पाठ वळवून दुसरंच काही केलंस?”

तिने बॅगेची चेन ओढली.

“जा, त्या कठड्याला टेकून उभी राहा. तुझा एक काढतो.”

“राहू द्या ना बाबा. उशीर होतोय.”

“जा म्हणतो ना.”

ती जाऊन उभी राहिली. त्याचा अंगठा लेन्सच्या कडेवर गेलेला तिला दिसला, आणि तिने कठडा घट्ट धरला.

“हलू नकोस,” तो ओरडला.

“नाही हलत.”

तो बघत राहिला. बटण सरकवलं, बघितलं. परत सरकवलं, परत बघितलं.

“हलू नकोस गं,” या वेळी तो अगदी हळू म्हणाला. रिकाम्या मैदानात तेही तिला ऐकू आलं.

“नाही हलत, बाबा.”

फोटो निघाला. ती धावत जवळ आली. पडद्यावर ती कठड्याशी उभी होती, पापणीचा केस न् केस स्वच्छ दिसत होता.

“लेन्सला काही झालेलं नाही,” खांब म्हणाला. “सगळ्यांसमोर उगाच बोललो तुला.”

मग त्याने पट्टा गळ्यातून काढला आणि कॅमेरा दोन्ही हातांनी, जपून, खाली ठेवला.